बादलीमागे एक प्रश्न

नवतपा लागला, की मी सूड घ्यायला बसते. एरवी वर्षभर मी साधी बाई आहे. वर्गात शिकवते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण सूर्य रोहिणीत शिरला, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस सुरू झाले, दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडायला लागली, की माझ्या अंगात काहीतरी जागं होतं. मग मी पहाटेच उठते, अंगण झाडायच्या आधी छात्रावासाच्या ओसरीतले माठ घासायला घेते आणि दातओठ खात ते काठोकाठ भरते.

माझा सूड हा असा आहे. दिसायला तो सूडासारखा दिसत नाही, माहीत आहे मला. माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, वर झाकण, झाकणावर स्वच्छ ओगराळं. शेजारी मीठ-साखरेचे डबे, चिरलेली लिंबं. कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर बरणीत तयार. ज्या पोरीला जेव्हा पाहिजे तेव्हा तिनं प्यावं, कुणाला विचारायची गरज नाही. ‘कुणाला विचारायची गरज नाही’ हे मी पहिल्याच दिवशी सगळ्या पोरींना उभं करून सांगते, आणि सांगताना मागच्या भिंतीकडे बघते. त्या भिंतीपलीकडे संत्र्याची बाग आहे. ती कुणाची आहे ते सांगतेच.

उन्हाळ्यात आमचं आवार रिकामं असतं. सौंसरच्या बाहेर, रस्त्यापासून आत, कडुनिंबाच्या सावलीत ही जुनी इमारत. कॉलेजला सुट्ट्या, वर्गांना कुलपं. फक्त प्रवेश परीक्षेच्या उन्हाळी वर्गांना गावोगावच्या पोरी राहायला येतात. रामाकोन्याच्या, तिगावच्या, आणि अशा खेड्यांच्या ज्यांना बसगाडी दिवसातून एकदाच तोंड दाखवते. शिकवणारे शिक्षक वेगळे आहेत. माझ्याकडे उरलेलं सगळं. गाद्या उन्हात टाकणं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून घेणं, मेसमध्ये रात्रीच्या भाजीत तिखट किती घातलं ते पाहणं, फाटक्या मच्छरदाण्या शिवून घेणं, औषधांची पेटी, दवाखान्यात न्यायला फाटकाशी उभा असलेला ऑटो, आईचा आवाज ऐकल्याशिवाय झोप न येणाऱ्या पोरीला फोन लावून देणं. हे काम कुणाला नको असतं. सुट्टीत लोकं मामाच्या घरी जातात, लग्नं खातात. मी दरवर्षी अर्ज करून ही ड्यूटी मागून घेते, आणि ऑफिसातले लोक एकमेकांकडे बघून म्हणतात, बाई साधीभोळी आहे.

यंदा रामाकोन्याची प्रांजली नावाची पोरगी आली आहे. बडबडी. परवा ओसरीत पन्हं पीत मला म्हणाली, “मॅडम, तुमी लय मायाळू हा. आमच्या घरी बी एवढं कोनी पाहात नाई.”

“माया नाही व ती,” मी म्हटलं.

“मंग काय हाय?”

“पी गुपचूप. अन् दुपारी बाहेर निघशीन तर कांदा ठेवजो खिशात.”

तिला काय सांगू? तिच्या हातातला गिलास हा माझ्या वैराचा गिलास आहे, असं कसं सांगता येईल एका पोरीला?

कूलर सुरू झाला, की ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होतो. इतरांना त्या वासानं झोप येते. मला तो एक उन्हाळा आठवतो, ज्यात हा वास फक्त एका बंद दाराच्या फटीतून यायचा. तेव्हा मी प्रांजलीएवढी होते. हीच इमारत, हीच ओसरी, हीच मागची विहीर. आम्ही सगळ्या पोरी अशाच प्रवेश परीक्षेसाठी उन्हाळाभर इथं राहायला आलो होतो. कूलर एकच होता आणि तो अधीक्षकांच्या खोलीत होता. आम्ही दुपारी त्यांच्या दाराबाहेरच्या फरशीवर पुस्तकं घेऊन बसायचो. अभ्यासाला नाही, त्या फटीसाठी. खालून जी गार हवा यायची, तिथं पायाचे तळवे लावायला पाळ्या लावल्या होत्या.

अधीक्षकांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. मीही म्हणते. तोंडाला लागलेलं सुटत नाही. मनातल्या मनात मी त्यांना काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर माणूस म्हणून आळशी नव्हते, चोर नव्हते, हे मी वैरी असूनही सांगते. त्यांना खरोखर आमचं भलं करायचं होतं, आणि तेच आमच्या मुळावर आलं. सर संत्र्याच्या घरातले. छात्रावासाच्या भिंतीला लागून त्यांची बाग. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याला झाड तानावर टाकणं म्हणतात. पानं मलूल होतात, गळायला लागतात, नवखा माणूस पाहील तर म्हणेल झाड मेलं. मग मृगाचं पाणी पडलं, की तेच झाड पांढऱ्या फुलांनी असं लदबदतं, की रस्त्यानं जाणाऱ्याला वास थांबवतो. सर आयुष्यभर हे पाहत आलेले. त्यांच्या डोक्यानं घेतलं, की पोरीही अशाच फुलतात.

“तान देल्याशिवाय बहार येत नाई,” ते रोज सकाळच्या हजेरीला सांगायचे. “सुखात ठेवलं का झाड नुसतं पाल्यावर जाते. तुमच्या मायबापानं तुमाले पाल्यावर वाढवलं. मी बहार आनून राहिलो.”

म्हणून पाणी तोडलं. विहिरीला पाणी नव्हतं असं नाही. विहीर चांगली होती, वाकून पाहिलं तर आकाश दिसायचं. तरी आंघोळ-धुण्याला मिळून एक बादली, आणि तीही फुकट नाही. सर सकाळी नळाजवळ खुर्ची टाकून बसायचे. पोरगी बादली घेऊन आली, की एक प्रश्न. रसायनाचं एखादं सूत्र, एखादी व्याख्या, हृदयाचे कप्पे. उत्तर बरोबर आलं की नळाचा कॉक फिरवायचे. चुकलं की बादली घेऊन रांगेच्या मागं. बादलीमागे एक प्रश्न, हा त्यांचा कायदा. पिण्याचं पाणी जेवताना एक लोटा. दुपारी तहान लागली तर, “जीभ टाळूले लाव अन् पाठांतर कर.”

अजूनही मला हृदयाचे कप्पे आठवले की आधी घशाला कोरड पडते.

आणि सुजाता. तिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. बोरगावची सुजाता माझ्या शेजारच्या पलंगावर होती. सावळी, उंच, वेण्या घट्ट. तिचे वडील शेतमजूर होते. घरात एक मोठा फोटो आणि एक पुस्तकांचं कपाट, एवढीच श्रीमंती, असं ती हसत सांगायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा डॉक्टर व्हायचं होतं, पण आमचं म्हणणं लग्नातल्या आहेरासारखं, दुसऱ्यानं आणून दिलेलं. तिचं तसं नव्हतं. ती बेडकाचं चित्र काढायची तर आतली शीर न् शीर काढायची, आणि आमच्यातल्या कुणाला ताप आला तर न सांगता नाडी धरून बसायची.

प्रश्नाचं उत्तर तिला येत नाही, असं कधी झालं नाही. पहिले काही दिवस तिनंही आमच्यासारखी उत्तरं दिली. मग एका सकाळी ती बादली घेऊन नळापाशी गेली, सरांनी प्रश्न विचारला आणि ती नुसती उभी राहिली.

“येत नाई?” सर म्हणाले.

“येते सर.”

“मंग सांग.”

“वर्गात इचारा, सांगतो. पान्यासाठी नाई सांगत.”

रांगेतल्या आम्ही पोरींनी बादल्या खाली ठेवल्या. सर हसले. त्यांना वाटलं नखरा आहे, एक दिवस तहानली की उतरेल. सुजातानं रिकामी बादली उचलली आणि ती शांतपणे खोलीत आली. मी तिच्या मागं धावले. म्हटलं, “काहून व अशी करून राहिली? एवढूसं तर उत्तर होतं.” ती वेणी सोडत म्हणाली, “मंदा, आमच्या घरी पान्यासाठी कोनासमोर उभं राहाचं नाई, असं शिकवते. मी चालाले शिकली तवापासून शिकवून राहिले. ते मले मोडता येत नाई.” त्या वयात मला ते अर्धंच कळलं. पुढं तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहाबद्दल वाचलं, तेव्हा पुरतं कळलं आणि राग दुप्पट झाला.

रोज सकाळी तेच व्हायचं. सर प्रश्न विचारायचे, ती ‘वर्गात सांगते’ म्हणायची, बादली रिकामी परत. मी माझ्या बादलीतलं अर्धं तिला द्यायची, लोट्यातलं अर्धं द्यायची, पण एका पोरीचं पाणी दोन पोरींना नवतप्यात कसं पुरावं? तिचे ओठ फुटले. लघवीला जळजळ व्हायला लागली, ते ती मला हळूच सांगायची. आणि वर्गात, कबूल केल्यासारखी, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची. सरांना ते दिसत होतं. ते इतर पोरींना म्हणायचे, “पाहा, तान लागू पडून राहिला.”

मग एका दुपारी ती जिन्यावर बसली ती उठलीच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि काहीतरी बरळत होती. आम्ही ओरडत तिला आजाऱ्यांच्या खोलीकडे नेलं. खोलीला कुलूप. कडी तोडून दार उघडलं तर आत सरांच्या बागेच्या संत्र्याच्या पेट्या आणि फवारणीचा पंप. पोरीला ठेवायला जागा नव्हती. मी सरांच्या दारावर मुठी आपटल्या, आत त्या कूलरसमोर तिला न्या म्हटलं. सर बाहेर आले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाटक हाय. जिद्दीची हाय ते. पडू द्या सावलीत, उठीन मंग.” दार बंद झालं. वाळ्याचा वास मात्र तेवढ्यात भसकन बाहेर आला, तो माझ्या नाकात अजून आहे.

रस्त्यावरून एक बैलबंडी चालली होती. आम्ही पोरींनी तिला त्यात टाकून दवाखान्यात नेलं. जगली. पण किडनीवर बसलं, कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली आणि परीक्षा तिच्याशिवाय होऊन गेली. पुढल्या वर्षी तिच्या घरच्यांनी पाठवलं नाही. पोरगी जिती हाय हे बस झालं, असं तिची आई म्हणाली, आणि त्या माउलीला काय बोलणार? सुजाताचं लग्न झालं. आता ती बोरगावलाच असते, कारखान्यात डबे भरायला जाते. अजूनही उन्हात जास्त वेळ राहिली तर पाय सुजतात.

मी परीक्षा पास झाले. डॉक्टरकीपर्यंत नाही पोचले, पण जीवशास्त्र शिकले आणि शिकवायला लागले. निकालाच्या दिवशी सरांनी छात्रावासात पेढे वाटले म्हणे. मी घ्यायला गेले नाही.

आम्ही पांढुर्ण्याकडची माणसं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारायचे, ही आमची रीत. बाहेरचे लोक कपाळाला हात लावतात. मला त्यात एक शहाणपण दिसतं. दगड मारायला एक दिवस ठरलेला आहे, म्हणून उरलेलं वर्ष माणसं एकमेकांकडे चहा पितात. माझ्या वैराला असा ठरलेला दिवस नव्हता. ते वर्षभर पोटात राहायचं. म्हणून मी इथं नोकरी मागितली, याच आवारात, आणि मग ही उन्हाळ्याची ड्यूटी. आल्या आल्या आजाऱ्यांच्या खोलीतला पंप बाहेर काढला. अधीक्षकांच्या खोलीतला कूलर उचलून पोरींच्या खोलीत नेला. नळाजवळ ती खुर्ची जिथं असायची, तिथं मोठा रांजण मांडला. प्रत्येक वेळी मनात म्हटलं, हे घ्या सर. हेही घ्या. पोरी बादल्यांवर बादल्या ओतत खिदळायला लागल्या, की मी ओसरीत उभी राहून तो आवाज ऐकते. भिंतीपलीकडे तो जावा, म्हणून मी न्हाणीघराची खिडकी त्या बाजूला काढून घेतली आहे, उंच झरोक्याची. कुणी म्हणेल बाई, हा कसला सूड, यात त्या माणसाचं काय गेलं? खरंय. त्याचं काही गेलं नव्हतं. रिटायर होऊन तो मजेत बागेत फिरत होता, आणि हेच मला रात्रंदिवस सलत होतं.

यंदा मात्र देवानं, की भूगर्भातल्या पाण्यानं, माझं ऐकलं.

सरांनी या वर्षी मृग धरला नाही, आंबिया धरला. आंबिया बहाराला फुलं थंडीच्या शेवटी येतात आणि उन्हाळ्यात झाडावर लिंबाएवढी हिरवी फळं लटकलेली असतात. त्या वेळेला पाणी तोडून चालत नाही. तोडलं की फळ गळतं. आणि नेमकी सरांची बोअर आटली. आमची विहीर आहे तशी आहे. ते आधी वर जाऊन आले, मोठ्या साहेबांना भेटले. वरून उत्तर आलं, की उन्हाळ्यात तिथलं पाणी बाईंच्या हातात आहे, बाईंना विचारा. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या म्हणीत मी गाढव ठरते, पण त्या दिवशी मला ते पद फार गोड वाटलं.

ते आले. डोक्याला ओला दुपट्टा, पाठीला बाक. रांजणापाशी येऊन थबकले. मला वाटलं, जागा ओळखली. तर म्हणाले, “रांजन इथं काहून ठेवला? सावलीत ठेवाचा.”

मी खुर्ची दिली. पन्हं दिलं. माझ्या घरची रीत आहे ती, आणि शिवाय आलेल्याला पाणी न विचारताच द्यायचं, हा माझा नियम त्यांच्यासाठी मी मोडणार नव्हते.

“मंदा,” ते म्हणाले, “रातच्यानं मोटर लावून देत जा माह्या बागेकडं. फळ गळून राहिलं. झाडाखाली सडा पडला हाय.”

मी त्या वाक्याची किती वर्षं वाट पाहिली होती. उत्तर तयार होतं, पाठ होतं. म्हटलं, “असू द्या नं सर. तान देल्याशिवाय बहार येत नाई.”

त्यांना टोचलं नाही. उलट ते समजावून सांगायला लागले, मला वाटलं चिडतील. “तसं नसते ते. फळ धरलेल्या झाडाले तान नसते देत. अन् लहान कलमाले तर कदीच नाई. झाड पक्कं झालं, वयात आलं, मंगच तान.”

“लहान कलमाले नाई देत?”

“मरते ते.”

“मंग आमाले कसा देला सर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पन्ह्याचा गिलास गुडघ्यावर टेकवला. मला वाटलं आता कळलं. आत्ता हा माणूस खाली मान घालेल आणि मी सुजाताला फोन करीन. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला आणि ते हसले.

“तू तं फुलली नं,” ते म्हणाले. “मी आजबी लोकायले सांगतो, ते मंदा पाहा, माह्या हाताखालची. नवतप्यात तान देला, अन् आज पाहा, प्रोफेसर झाली.”

मी काय सांगू, तेव्हा माझं काय झालं ते. इतकी वर्षं मी माठ भरत होते, आणि हा माणूस मला दाखवून आपला कायदा खरा करत फिरत होता. माझं शिकणं, माझी नोकरी, माझी ही साडीसुद्धा त्याच्या बागेतलं फळ होती. गळालेल्याचा त्याच्याकडे हिशेबच नाही. बहार पाहायला गेलेला माणूस वर बघत चालतो.

“सर,” मी म्हटलं, “बादलीमागे एक प्रश्न, आठवते?”

“आठवते नं.” ते खुश झाले.

“मी मोटर लावून देतो. आज संध्याकाळीच. एका प्रश्नाचं उत्तर द्या. जिन्यावर पडली होती ते पोरगी, जिले तुमी नाटक म्हटलं, तिचं नाव काय?”

त्यांनी डोळे बारीक केले. वैशाली म्हणाले. मी मान हलवली. संगीता? मी पुन्हा हलवली. “लय पोरी होत्या, मंदा.” मग जरा विचार करून म्हणाले, “ते कोनी पडली होती का?”

मी उठले. रांजणावरचं झाकण नीट बसवलं. म्हटलं, “चुकलं सर. रांगेच्या मागं.”

बागाईतदाराच्या पोटी जन्मलेली बाई फळ धरलेलं झाड मरू देऊ शकत नाही, हा माझा दोष म्हणा. झाडांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण ताज्या पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. मेसच्या मावशींना हाताशी घेतलं आणि न्हाणीघराच्या मागून भिंतीपर्यंत एक नाली खणली. मध्ये रेतीचा खड्डा केला, साबणाचा फेस झाडाच्या मुळाशी जाऊ नये म्हणून. भिंतीला भोक पाडलं. सरांना निरोप धाडला, पोरींच्या आंघोळीचं आणि धुण्याचं जेवढं पाणी येईल तेवढं तुमचं.

म्हणजे काय झालं ते पाहा. ज्या माणसानं एकेका पोरीची बादली जोखली, त्याच्या झाडांचा जीव आता पोरी किती बादल्या ओततात त्यावर आला. मी पोरींना सांगून टाकलं, हात आखडू नका. प्रांजलीनं तर दोन वेळा न्हायला सुरुवात केली. चादरी धुतल्या, पडदे धुतले, गेल्या वर्षीच्या मच्छरदाण्या काढून धुतल्या. एक दिवस भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, बारीक, अडखळत. “मॅडम, पोरीयले सांगजा, पानी कमी नोका वापरू म्हना. धुऊ द्या धुने.”

मंदाची मॅडम झाली होती. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. इतकी हसले, की मावशी विचारायला आल्या.

त्या संध्याकाळी सुजाताला फोन लावला. ती कारखान्यातून येऊन पाय कोमट पाण्यात टाकून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. वैर तिचं होतं, मी नुसती सांभाळत होते, त्यामुळे हा प्रसाद आधी तिला मिळायला हवा होता. ती ‘हं’ ‘हं’ करत ऐकत होती. धुणं धुऊ द्या म्हणाले, हे ऐकून ती मोकळी हसली. मला वाटलं, बस, आता ती म्हणेल, जाऊ दे मंदा, म्हातारा माणूस हाय, लावून दे मोटर. तिचा स्वभाव तसाच आहे. तिनं कधी कुणाला वाकडा शब्द बोललेला मला आठवत नाही. मी मनातून तयारही झाले होते, तिनं म्हटलं तर लावते म्हणून.

हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, “त्याले माहं नाव आठवलं का?”

“नाई.”

“कोनाले इचारलं बी नाई त्यानं?”

“इचारनार कोनाले? ज्याले इचारीन तो म्हनीन, काहून पायजे नाव. मंग सांगा लागीन.”

पाण्यात पाय हलवल्याचा आवाज आला.

“नाली केवढी हाय?” तिनं विचारलं.

“वीतभर.”

“मंग तोंडाशी एक वीट ठेव,” सुजाता म्हणाली. “झाड मराले नाई पायजे, सांगून ठेवतो तुले. पन त्याले रोज इचाराले यावं लागलं पायजे.”

मी दोन ठेवल्या.

सकाळी सर भिंतीपाशी होते. दुपट्टा डोक्यावर, ऊन आत्ताच चढायला लागलेलं. अलीकडे न्हाणीघरात पोरींचा दंगा चाललेला. कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “आज पानी कमी आलं.”

“येईन सर,” मी म्हटलं. “नाव सांगा.”

ते भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. आठवत होते. मी पुढच्या माठात पाणी ओतायला घेतलं. नवतपा आत्ता कुठे लागला आहे.